मी नुसतं ‘येते’ म्हणाले

आमच्यात घराबाहेर पडताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. आमच्या खाली राहणारी पद्मावतीअक्का कानडी आहे, पण तीसुद्धा कोथिंबीर आणायला निघाली तरी ‘बर्तीनी’ म्हणते, म्हणजे ‘येते’च. इतका साधा शब्द. त्या एका शब्दापायी मला ह्या वयात सलवार शिवून घ्यावी लागली, अंबाडा सोडावा लागला आणि मी एकच बाई आहे असं स्टँप पेपरवर लिहून द्यावं लागलं. बेंगळुरात आमच्या जयनगरात सध्या ह्याची निराळीच हकीकत फिरते आहे आणि तीत मी हट्टी म्हातारी आहे, म्हणून खरं काय ते सांगून ठेवते.

माझा मुलगा राजस आणि सून शाल्मली, दोघं मारतहळ्ळीला कंपनीत आहेत. राजस इथेच वाढला, सून पुण्याची. कंपनीत पुण्या-नागपूरकडची आणखी पोरं आहेत. पोरं मी म्हणते, बाकी त्यातल्या निम्म्यांचे केस मागे हटलेत. त्यांनी मोटारसायकलवरून फिरायचा एक ग्रूप काढला आहे, त्याचं नाव ‘मराठाहळ्ळी मावळे’. मी तेव्हाच सांगितलं होतं की गावाचं नाव मारतहळ्ळी आहे आणि मराठ्यांशी त्याचा काही संबंध असता तर आम्हा इथल्या जुन्या मराठ्यांना कुणीतरी कळवला असता. पण तोवर टी-शर्ट छापून झाले होते. ह्या मावळ्यांचा म्होरक्या मंजुनाथ. तो हासनकडचा कानडी, मराठी त्याला कामापुरतं येतं. सगळ्यांत शहाणा तोच, पण नाव तर मावळे.

तर ह्या लोकांनी चिकमगळूरला जायचं ठरवलं आणि त्याची मीटिंग आमच्या हॉलमध्ये भरली. मी कडबोळी तळून ठेवली, कॉफी केली आणि माझ्या भजनाला निघाले. राजस खाली कुणाला तरी गाडीचा नवा आरसा दाखवत होता, शाल्मली कॉफीचे कप फिरवत होती. मंजुनाथ लॅपटॉपमध्ये डोकं घालून विचारत होता, “आणखी कोण येते? कोण येते?” मी चपला घालता घालता दारातून म्हटलं, “बरं, येते मी.”

मंजुनाथने मान वर केली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बाकीचे फोनमध्ये होते, पण म्होरक्याने वाजवल्या म्हणून त्यांनीही वाजवल्या. मला वाटलं, कडबोळ्यांसाठी. माझ्या कडबोळ्यांना आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, पण वाजवायला हव्या होत्या असं माझं पहिल्यापासून मत आहे. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग एक दिवस पार्सल आलं. आत काळं जाकीट, कोपरांवर ढाली लावल्यासारखे गोळे, आणि छातीवर इंग्रजीत नाव. राजसने वाचलं आणि तो माझ्याकडे बघायला लागला.

“आई, हे तुझ्या नावाचं का आहे?”

“मला काय विचारतोस, मला इंग्रजी येतं का?”

त्याने मंजुनाथला फोन लावला. दोन वाक्यं ऐकली आणि मग तो जो हसायला लागला, तो सोफ्यावर बसून हसला, डोळे पुसून हसला. “आई, तू येते म्हणालीस.”

“भजनाला निघाले होते मी.”

“तेच तर. थांब, सांगतो मंजूला. बरं झालं आधीच कळलं. नाहीतरी त्याच सुमाराला सिलिंडर येणार आहे, घरी कुणीतरी हवंच.”

हसला त्याचं मला काही नाही. पण ‘कुणीतरी’ हा शब्द मला लागला. राजसचे वडील गेल्यापासून सिलिंडर, दूधवाला आणि टाकीचं पाणी ही तीन खाती माझ्याकडे आहेत आणि मी ती चोख सांभाळते. मला लोकांनी तोंडावर फटकळ म्हटलं आहे, मागे आणखीही काही म्हटलं असेल. पण ‘कुणीतरी’ आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मी जाकिटाची घडी घातली. “मंजूला काही सांगायचं नाही. येते म्हणजे येते.”

राजसचं हसू थांबलं. शाल्मली स्वयंपाकघरात होती. तिथून नळ बंद केल्याचा आवाज आला.

खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. मोटारसायकलवर बसून घाट चढायची हौस मला कधी नव्हती. पण दिलेला शब्द मी मागे घेणार नव्हते. माझा बेत असा होता की नाही कुणीतरी दुसऱ्याने म्हणावं. डॉक्टरने म्हणावं, सरकारने म्हणावं. मग मी दोन दिवस हळहळणार आणि सिलिंडरची वाट बघत मानाने घरी बसणार.

पहिली आशा सरकारची होती. प्रवासाचा विमा काढायला माझी कागदपत्रं नेली, तर आधार कार्डावर आहे थानूबाई आणि बँकेच्या पासबुकात तानूबाई. इकडे कानडी पद्धतीने इंग्रजी लिहिताना ‘त’ला ‘थ’ करतात. नागपूरचा वेदांत आहे त्यांच्यात, त्याने तर जाकिटावरचं वाचून मला ठाणूबाई केलं. विम्याच्या ऑफिसातल्या साहेबाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, “ह्या दोन वेगळ्या बायका आहेत.”

मी म्हटलं, “मग एकीला घरी ठेवू या. माझी हरकत नाही.”

तो म्हणाला, ॲफिडेविट लागेल, नोटरी लागेल, वेळ लागेल. मी खूष होऊन घरी आले आणि चेहरा पाडून बसले. संध्याकाळी मंजुनाथचा फोन. त्याचा मावसभाऊ नोटरी आहे. ह्या मुलाला मावसभाऊ किती आहेत देव जाणे, पुढे टायरवालाही मावसभाऊच निघाला. थानूबाई आणि तानूबाई ही एकच बाई असल्याचा कागद दुसऱ्या दिवशी शिक्क्यासह घरपोच आला.

मग डॉक्टर. साठीच्या वरच्या माणसाला डॉक्टरचं पत्र हवं असा मावळ्यांचा नियम होता. आमचे डॉक्टर तसे भित्रे, सर्दीलासुद्धा रक्त तपासायला पाठवतात. मोठ्या विश्वासाने गेले. म्हटलं, “डॉक्टर, माझ्या गुडघ्यांचा विचार करा, कमरेचा विचार करा. संकोच करू नका. नाही तर नाही, स्पष्ट सांगा.”

त्यांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला. “अम्मा, तुमचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं आहे. जाऊन या. तिकडे माझ्या सासऱ्यांचा मळा आहे, येताना कॉफीची पूड आणाल का? स्वल्पच.”

पत्र तर दिलंच, वर सासऱ्यांचा पत्ता.

तोवर बातमी गल्लीभर झाली होती. पद्मावतीअक्का वर आली, पाट ओढून बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “काय अक्का, मुलाशी भांडण झालं काय?”

“छे गं.”

“सुनेशी?”

“कुणाशी नाही. फिरायला चालले आहे.”

“मोटारसायकलवरून?” तिने पाट आणखी जवळ ओढला. “एवढं मोठं भांडण?”

समोरचे रत्नाकरअण्णा वीज खात्यातून रिटायर झालेले आहेत. त्यांनी तरुणपणी एकदा म्हैसूरपर्यंत स्कूटर नेली होती, तेव्हापासून ह्या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. गेटपाशी मला गाठून त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, जाकिटाच्या आत छातीला वर्तमानपत्र बांधायचं, वारा लागत नाही. दुसरी, गाडी वळताना एका बाजूला झुकते, तेव्हा मागे बसलेल्याने बरोबर दुसऱ्या बाजूला झुकायचं, म्हणजे तोल राहतो. “तराजूसारखं,” ते म्हणाले. मला ते पटलं. तराजू मला कळतो.

हेल्मेट घ्यायला शाल्मली मला जे. सी. रोडला घेऊन गेली. माझा अंबाडा काही त्यात मावेना. दुकानदाराने एकाहून एक मोठी हेल्मेटं काढली. शेवटचं एक अंबाड्यासकट बसलं, पण मी मान वळवली तेव्हा हेल्मेट होतं तिथेच राहिलं आणि मी आतल्या आत वळले. समोर बघते तर अंधार. दुकानदार म्हणाला, “वेणी घाला अम्मा.” वेणी मी शाळा सोडल्यापासून घातली नव्हती, आणि शाळा मी चौथीतच सोडली. तिथेच दुकानात, स्टुलावर बसवून शाल्मलीने माझे केस सोडले आणि वेणी घातली. घट्ट घातली. माझ्याच घरात इतकी वर्षं राहून ह्या मुलीचा हात माझ्या डोक्याला पहिल्यांदा लागला असेल.

सलवारीचं मात्र मी नीट निभावलं. साडी नेसून दोन्हीकडे पाय टाकून बसता येत नाही आणि एकीकडे पाय टाकून मंजुनाथ बसू देत नाही. म्हणून फोर्थ ब्लॉकच्या बाजारातून कापड आणून सलवार शिवली आणि पद्मावतीअक्काला सांगितलं की डॉक्टरने गुडघ्यांसाठी लिहून दिली आहे. आता ती आणि तिची बहीण गुडघ्यांसाठी सलवार शिवून घेतायत.

निघायच्या आधीच्या रविवारी तालीम ठरली. पहाटे होसकोट्याला जायचं, बिर्याणी खायची आणि परत यायचं. बेंगळुरातली माणसं बिर्याणी खायला उजाडायच्या आत तिकडे का धावतात हे मला आजही कळलेलं नाही, पण गेले.

मी राजसच्या मागे बसले. वेणी, सलवार, जाकीट आणि जाकिटाच्या आत कानडी वर्तमानपत्राची आख्खी रविवार पुरवणी. श्वास घेतला की कुरकुर वाजायचं. पहिलं वळण उजवीकडे होतं. गाडी उजवीकडे झुकली, मी डावीकडे झुकले. राजस ओरडला, “आई, काय करतेस?”

“तोल धरते आहे.”

“धरू नकोस!”

पुढचं वळण डावीकडे, मी उजवीकडे. गाडी सरळच जायला लागली, समोर एक इडलीची गाडी होती. तो करकचून थांबला, माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर टक्कन आपटलं. मग पुढे तेच. वळण, आरडाओरडा, टक्. जन्म दिलेल्या मुलाने भर रस्त्यात, मावळ्यांच्या देखत, “आई, नुसतं पोत्यासारखं बस ना” असं म्हटलं तेव्हा मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कृष्णराजपुरमच्या पुलाखाली गाडी थांबवायला लावली.

“मी हिच्या मागे बसते,” मी शाल्मलीकडे बोट दाखवलं.

राजस म्हणाला, “तिची गाडी लहान आहे.”

“तिचं तोंडही लहान आहे.”

शाल्मली स्वतःची मोटारसायकल चालवते. ती तिने घेतली तेव्हा मी चार दिवस अबोला धरला होता, हे तिला आठवत असणारच. ती म्हणाली, “आई, मला कमरेला धरा आणि मी ज्या बाजूला बघते आहे तिकडे माझ्या खांद्यावरून बघा. बाकी काही करू नका.”

“तराजूचं काय?”

“कसला तराजू?”

मी रत्नाकरअण्णांचं सांगितलं. ती हसली नाही. “ते स्कूटरचं असेल,” म्हणाली. एवढ्यावर सोडलं तिने, म्हणून मी तिला कमरेला धरलं.

आता पुढचं कसं सांगावं. ती ज्या बाजूला बघायची त्या बाजूला मी बघायचे आणि गाडी आपोआप तिकडे जायची, जशी काही मीच नेते आहे. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना उजाडत होतं. छातीवरचं वर्तमानपत्र गप्प झालं होतं. मी तिच्या खांद्यावर टकटक केलं आणि म्हटलं, “हळू चालवतेस. मागे लॉरीवाला हॉर्न देतोय.”

मागे लॉरी नव्हती. तिने आरशात बघितलं, आणि वेग वाढवला.

होसकोट्याला मी बिर्याणी खाल्ली. मटण बरं होतं, भातात मीठ कमी. वेदांत म्हणाला, “ठाणूबाई, तुम्ही तर खऱ्या मावळ्या.” मी म्हटलं, “आधी माझं नाव नीट घे, मग पदव्या दे.” हात धुवायला गेले तेव्हा शाल्मली शेजारी होती. पाण्याकडे बघत म्हणाली, “आई, त्या दिवशी तुम्ही भजनाला निघाल्या होतात ते मला कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“मंजूने नाव लिहिलं. मी म्हटलं, असू दे. तुम्हीच नाही म्हणाल.” तिने रुमाल पुढे केला. “तुम्ही नाही म्हणालाच नाहीत.”

जाकीटही तिनेच मागवलं होतं. नाहीतर माझ्या खांद्यांचं माप मंजुनाथला कुठून कळणार.

तेव्हापासून माझी पंचाईत अशी झाली की मला जायचं होतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. रोज ह्या मोहिमेला नावं ठेवत मी बॅग भरत होते. कडबोळी, मेतकूट, गुडघ्यांचं तेल. शाल्मलीची बॅग माझ्या बॅगेशेजारी होती. तिने त्यात काय भरलं आहे ते मी पाहिलं नाही, पण ती रोज एकदा उघडून बघायची आणि बंद करायची.

निघायच्या आदल्या दिवशी सिलिंडर आलं. लवकर आलं. एरवी रघुजी म्हणून माणूस आहे तो थेट वर स्वयंपाकघरात ठेवतो, पण त्या दिवशी कुणी नवीन होता, तो गेटपाशी ठेवून गेला. राजस नेमका त्या वेळी सगळा पोशाख चढवून आरशासमोर उभा होता. गुडघ्यांना ढाली, कोपरांना ढाली, पाठीला कासवासारखं कवच, हातमोजे.

मी म्हटलं, “उचलू नकोस. आडवं कर आणि पायरीपर्यंत लोटत आण, मग दोघं मिळून घेऊ.”

“आई, एक सिलिंडर आहे.”

तो खाली गेला. पद्मावतीअक्का दारात उभी होती, समोरच्या गॅलरीत रत्नाकरअण्णा. माणसं बघत असली की राजस सिलिंडर जास्त सरळ उचलतो. त्याने उचललं, खांद्यापर्यंत आणलं आणि तिथेच राहिला. मग हळूच म्हणाला, “आई.”

कमरेत उसण भरली. पाठीला कवच होतं, पण उसण आतून भरते. रत्नाकरअण्णांनी वरून सल्ला दिला की आता विरुद्ध बाजूला झुक. मी त्यांना गॅलरीचं दार लावून घ्यायला सांगितलं.

आम्ही तिघींनी मिळून त्याला वर आणला आणि पालथा घातला. हातमोजे काढू देईना, हात हलवला की ओरडायचा. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, पडून राहायला सांगितलं, आणि जाता जाता मला कॉफीच्या पुडीची आठवण केली.

शेक देऊन झाल्यावर राजस उशीत तोंड ठेवून म्हणाला, “मंजूला फोन लाव. सांगतो, आपण येत नाही.”

“आपण म्हणजे कोण?” मी विचारलं.

“आपण म्हणजे आपण. शालू थांबेल ना माझ्याजवळ. आणि ती नाही तर तू कशी जाणार? घरी कुणीतरी हवंच.”

शाल्मली पलंगापाशी उभी होती. ती कोपऱ्यातल्या बॅगेपाशी गेली, चेन उघडली आणि चार्जर बाहेर काढून टेबलावर ठेवला. मग टॉर्च काढला. तो चार्जरशेजारी नीट सरळ ठेवला.

तो टॉर्च बघून माझं डोकं फिरलं.

राजसने फोन लावलाच होता, स्पीकरवर. “मंजू, ऐक, माझी कमर गेली. आम्ही कुणीच…”

मंजुनाथ कळवळला बिचारा. औषधं विचारली, एक मावसभाऊ हाडांचा डॉक्टर आहे म्हणाला. मग जरा थांबून, त्याच्या मराठीत, भीत भीत विचारलं, “मग अम्मा? अम्मा येते?”

राजस म्हणाला, “नाही रे, ती कशी…”

“येते,” मी फोनपाशी वाकून म्हटलं. “नीट ऐक मंजुनाथ. भजनाला नाही, चिकमगळूरला येते. शाल्मलीच्या मागे बसून येते.”

फोनमधून टाळी वाजली. एकाच माणसाची होती, पण वाजली.

राजसने मान वळवायचा प्रयत्न केला, जमला नाही. “आई, मी असा पडलोय.”

“पडला आहेस, तर पडून राहा. पडलेल्या माणसाला बघायला दोन बायका लागत नाहीत. पद्मावतीअक्का दोन्ही वेळेला तांदळाची गंजी, आपली पेज, आणि लोणचं आणून देईल, तिला तू लहानपणापासून आवडतोस. दूधवाला सकाळी बेल वाजवतो, त्याला आतून ‘सरी’, ‘बरं’ काहीतरी म्हण, तो पिशवी लावून जातो. टाकी भरली की पाइप गुरगुरतो, तेव्हा बटण बंद करायचं, हात पोचेल असा पलंग सरकवून देते. सिलिंडर आलेलंच आहे.”

“आणि मला काही लागलं तर?”

“घरी कुणीतरी आहेच की,” मी म्हटलं. “तू.”

शाल्मलीने टॉर्च परत बॅगेत टाकला. चार्जरही टाकला. चेन लावताना तिचा हात घाई करत होता.

सकाळी मावळे खाली गाड्या लावून उभे होते. पद्मावतीअक्का माझी सलवार निरखत होती. रत्नाकरअण्णांनी गॅलरीतून आजचं वर्तमानपत्र खाली टाकलं, छातीला बांधायला. मी ते घेतलं, कारण वाऱ्याचं त्यांचं म्हणणं काही चूक नव्हतं.

वर राजसच्या खोलीत डोकावले. उशीवरून एक डोळा माझ्याकडे बघत होता. मी उशाशी पाण्याची बाटली ठेवली, पांघरूण ओढलं आणि म्हटलं, “येते.”

मग हेल्मेट घातलं, पट्टा लावला. तो पालथ्या पालथ्या काहीतरी बोलायला लागला. ओठ बराच वेळ हलत होते. हेल्मेटचा हा एक गुण मला दुकानदारानेही सांगितला नव्हता. आत काही म्हणजे काही ऐकू येत नाही.